चौथ्या ठोक्यानंतर

नुरेइशी हा माझा आवडता बँड. नावाचा अर्थ भिजलेला दगड. जपानच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावातली चार माणसं. चौदा वर्षं मी त्यांना ऐकते आहे. थोडीफार जपानी शिकले तीही त्यांच्यामुळेच. गिटार वाजवणारी बाईच गाते. ती वाजवते कमी, थांबते जास्त. पुढचा सूर येणार असं वाटतं आणि येत नाही. मग आपण नेमका कशावर कान लावून बसलो होतो ते कळतं.

त्यांच्या तिसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं एका यंत्राच्या आवाजाने सुरू होतं. लोखंडावर तीन ठोके. थोडी जागा. आणखी दोन ठोके. मग बारीक ‘खट्’, आणि लगेच एक जड दणका. असं सहा वेळा. सातव्या वेळी तीन ठोके, जागा, एकच ठोका. ‘खट्’ होत नाही. दणका मात्र येतो. दोन सेकंद काहीच नाही. मग गिटार.

त्यांच्या कार्यक्रमात लोक हे ठोके टाळ्यांनी वाजवतात. मी फक्त व्हिडिओत पाहिलं आहे. शेवटच्या फेरीत सगळं सभागृह चार टाळ्यांवर थांबतं. हजारो माणसांत एकही पाचवी टाळी पडत नाही. त्या शांततेचं मला वेड होतं.

यंदा अल्बमची नवी आवृत्ती आली. सोबतच्या पुस्तिकेत बाईंनी चार ओळी लिहिल्या होत्या. सुरुवातीचा आवाज दिवंगत वडिलांच्या टेपवरचा आहे. ते पत्रा दाबून आकार देणारी प्रेस मशीन बसवणारे इंजिनिअर होते, मशीनमध्ये बिघाड वाटला तर आवाज टेप करून कंपनीला पाठवायचे. ही एकच टेप त्यांनी पाठवली नाही. आणि खाली जागेचं नाव : अंबरनाथ, इंडिया.

मी नाशिकची. अंबरनाथ माझ्यापासून अर्ध्या दिवसावर होतं. डिसेंबरातल्या एका शनिवारी निघाले.

नाशिक रोडहून सकाळची गाडी धरली तर दहाच्या आसपास कल्याण येतं. स्टेशनबाहेर उल्हासनगरच्या शेअर रिक्षा मिळतात. उल्हासनगरात पत्ता जुन्या निर्वासित कॅम्पच्या नंबरावरून सांगायचा, म्हणजे रिक्षावाला पुन्हा विचारत नाही. तिथे मला नरेशला भेटायचं होतं. जीन्सची बटणं आणि बक्कल विकणारा सिंधी तरुण. बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर आम्ही सहा वर्षं बोलत होतो, प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो.

“ताई, तू तर खरीच निघाली,” तो म्हणाला. “मला वाटायचं नाशिकमध्ये कोणी म्हातारा बसून टाईप करतो.”

गल्ल्यावर त्याचे वडील होते. “ये लडका दुकान में वो जपानी रोना लगाता है,” ते मला म्हणाले. “गिऱ्हाईक विचारतात, कोणी वारलं का.”

नरेशने समोरून दाल-पकवान मागवलं. कुरकुरीत पुरी, वर घट्ट डाळ, चिरलेला कांदा. उल्हासनगरला जाल तर सकाळी जा, दुपारनंतर ते संपतं. खाता खाता मला ठोके ऐकू आले.

तीन. जागा. दोन. खट्. दणका.

मी नरेशकडे पाहिलं. त्याचे हात रिकामे होते. फोन बंद होता.

“मागच्या गल्लीत बक्कलचा प्रेस आहे,” तो म्हणाला. “हेच दाखवायला तुला बोलावलं. जन्मापासून ऐकतोय. गाणं पहिल्यांदा लावलं तेव्हा वाटलं, आपल्या गल्लीचाच आवाज आहे.”

पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसं एका मशीनवर होती. एक पेडलपाशी, दुसरा समोर. समोरचा डाव्या हाताने पत्रा आत सरकवत होता, उजव्या हातातल्या सळईने लोखंडी पट्टीवर ठोके देत होता. मशीन थांबल्यावर मी त्याला अर्थ विचारला.

“तीन मतलब माल बैठ गया. दो मतलब हाथ बाहर,” तो म्हणाला. “आवाज में बोला हुआ सुनाई नहीं देता ना, मॅडम. दो पडल्याशिवाय हा पाय ठेवणार नाही.”

“हे कोणी शिकवलं?”

“जनार्दन उस्ताद. अंबरनाथची कंपनी बंद झाली, तेव्हा इथे आला होता. आता बदलापूरला असतो.”

त्याने उस्तादांचा नंबर दिला, कंपनी कुठे होती तेही सांगितलं. मी बाहेर आले. नरेश पुढच्या कुठल्याशा गाण्याबद्दल बोलत होता. मी मनात सातवी फेरी मोजत होते. तीन म्हणजे माल बसला. मग एक. दोनातला एकच.

दुपारी रिक्षाने अंबरनाथला गेले. शिवमंदिर पाहायला थांबले, आणि तुम्हीही थांबा. दगड इतके बारीक कोरलेले आहेत की भिंतीला हात लावताना नख अडकतं. गाभाऱ्यात उतरायला पायऱ्या आहेत. खाली गेल्यावर बाहेरचं बोलणं एकदम बंद होतं.

कारखान्याची जागा शोधायला तासभर लागला. अर्ध्या जागेवर इमारती झाल्या आहेत, उरलेल्या अर्ध्या भागाला पत्र्याचं कुंपण. वॉचमनने आत सोडलं. गवतात मशीन बसवायचा एक सिमेंटचा चौथरा होता, चार कोपऱ्यांत चार गंजलेले बोल्ट. वर पाणी साचलेलं. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते.

“हे पाणी कसलं?” मी विचारलं.

“असतंच ते. उपसलं तरी येतं.” तो चौथऱ्यापासून लांब उभा होता. “मॅडम, जास्त वेळ थांबू नका. दुपारी इथे जमीन हलते.”

“ट्रेनमुळे हलत असेल.”

“ट्रेन त्या बाजूला जाते,” तो म्हणाला. “हे या बाजूने येतं.”

मी गाणं लावायचं ठरवून आले होते. इअरफोन हातातच राहिले. पाण्यावर बारीक वलय उठलं आणि विरलं. वारा नव्हता.

रात्री बदलापूर स्टेशनजवळ लॉजमध्ये राहिले. साधी खोली, गरम पाणी सकाळी सहा ते आठ.

रविवारी सकाळी बदलापुरातल्याच खरवईला गेले. स्टेशनच्या पूर्वेकडून रिक्षा मिळते. रस्त्याच्या एका अंगाला भाताची कापलेली शेतं, दुसऱ्या अंगाला नवी संकुलं. जनार्दनकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडलेला, सडपातळ माणूस. फोनवर मी एवढंच सांगितलं होतं की तुमच्या जुन्या मशीनचा आवाज एका गाण्यात आहे.

“जपानच्या?” त्यांनी दारातच विचारलं. “तो साहेब आलेला. गळ्यात टेपची पेटी. जेवायला बसला तरी पेटी मांडीवर. काशिनाथ त्याला म्हणायचा, पेटीला पण भात वाढा.”

“काशिनाथ कोण?”

काकू पोहे घेऊन बाहेर आल्या. “सांगा की,” त्या म्हणाल्या. “झोपेत रोज सांगता. आज जागेपणी सांगा.”

काकांनी सांगितलं. ते ऑपरेटर, काशिनाथ त्यांचा हेल्पर. पेडलवर पाय काकांचा, डायच्या साच्यात हात काशिनाथचा. नऊ वर्षं एकाच मशीनवर. मशीन कधी कधी न दाबता खाली येतं अशी तक्रार होती, म्हणून तो इंजिनिअर आला होता. तो टेप करत असतानाच प्रेस खाली आला आणि काशिनाथचा डावा हात मनगटापासून गेला.

चौकशी झाली. काशिनाथ म्हणाला, पत्रा सरकला म्हणून मी एका ठोक्यावर थांबलो आणि हात परत आत घातला. एकूण चारच ठोके दिले. काका म्हणाले, पाच ऐकले, म्हणून पाय ठेवला. पाच दिले असतील तर चूक काशिनाथची. मशीन ठीक, माणूस चुकला, असं कागदावर लागलं. काशिनाथ त्यांच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला.

“मी खोटं नाय बोललो,” काका म्हणाले. “पाच होते. शपथेवर सांगितलं. आजही सांगीन.”

माझा फोन टेबलावर होता. चार आहेत हे मला चौदा वर्षांपासून माहीत होतं. मी त्या चार ठोक्यांवर प्रेम केलं होतं. सहाव्या फेरीनंतर गाणं थांबवलं असतं तर काकांना कळलं नसतं. पाच, पाच, पाच असं सहा वेळा ऐकून ते निश्चिंत झाले असते. सहावी फेरी संपताच बंद करायचं असं मी ठरवतही होते.

“सगळं ऐकव हां,” काकू म्हणाल्या. “मधेच बंद करू नको.”

काकांनी फोन जमिनीवर ठेवायला लावला. चपला काढल्या आणि दोन्ही पाय फरशीवर टेकले. “प्रेस पायातून ऐकतात,” म्हणाले.

पहिल्या ठोक्याला त्यांचा उजवा पाय हलला. खट् व्हायच्या नेमक्या आधी, दर फेरीला, टाच उचलून पाय दाबला जायचा. सातव्या फेरीलाही दाबला गेला. खट् झालं नाही. दणका आला. गिटार सुरू झाल्यावर मी थांबवलं.

“परत.”

मी परत लावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा धरून ठेवला.

“खटका नाय,” ते म्हणाले. “पेडल दाबलं की खटका होतोच. नाय झाला. मशीन आपलं आपण खाली आलं.” मग म्हणाले, “आणि चार हायत.”

“हो.”

“पण मी पाय ठेवला होता. पायाला आठवतंय.”

काका उठले, शर्ट बदलून आले. “काशिनाथची बायको हेंद्रेपाड्यात असते,” म्हणाले. “चल.”

खरवईहून हेंद्रेपाड्याला जाताना रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरावं लागतं. रिक्षात काका बाहेर बघत होते. त्यांचा पाय शांत होता. जुन्या इमारतीत तळमजल्यावर एका बाईंनी दार उघडलं. सुशीलाबाई.

“भाऊजी. रस्ता आठवला?”

“वहिनी, ही पोर काहीतरी ऐकवणार आहे. आधी ऐका. मग हाकला.”

सुशीलाबाईंनी उभ्यानेच ऐकलं. दुसऱ्या फेरीलाच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “हे तेच,” त्या म्हणाल्या. “ताटातला भात संपला की वाटीने असंच वाजवायचे. तीन आणि दोन. मी म्हणायची, मी काय तुमचा ऑपरेटर आहे का?” मग म्हणाल्या, “लाव पुढे.”

शेवटची फेरी त्यांनी बोटांवर मोजली. चौथ्या बोटावर अंगठा तसाच राहिला.

“शेवटपर्यंत चारच म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “मला पण कधी कधी वाटायचं, पाच असतील. तोंडाने कधी म्हटलं नाही. त्यांना कळायचं ते.”

“वहिनी, मी खोटं नव्हतो बोललो.”

“माहीत आहे. तुम्ही कधी खोटं बोलत नाही. म्हणून तर त्यांचं कोणी ऐकलं नाही.”

काका दारातच बसले, उंबऱ्याच्या बाहेर. सुशीलाबाई आत गेल्या, चहा टाकल्याचा आवाज आला. त्यांनी कप आणून काकांच्या हातात दिला आणि विचारलं, “आता तरी चार ऐकू येतात?”

“फोनमधे चार,” काका म्हणाले. “फोन बंद केला की पाच.”

त्या त्यांच्या शेजारी खाली बसल्या. बाकीचं त्यांचं त्यांना बोलू द्यावं म्हणून मी निघाले. निघण्यापूर्वी सुशीलाबाईंनी गाणं आपल्या फोनवर घालून घेतलं. पूर्ण गाणं, नुसते ठोके नको म्हणाल्या.

संध्याकाळी नाशिकला पोहोचले. या सहलीबद्दल विचाराल तर दोन दिवस पुरतात, थंडीत जा, खर्च फार नाही. बाकीचं सांगणं कठीण आहे. आता हे गाणं ऐकवत नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी अजून ऐकते. अजून तितकंच आवडतं. चार ठोक्यांनंतरची ती दोन सेकंदं मला आजही सुंदर वाटतात.

मागच्या आठवड्यात सुशीलाबाईंचा फोन आला. “ती बाई पुढे काय म्हणते गं?”

मी अर्थ सांगितला. तू मोजता मोजता थांबलास, मी दाराशी होते, मी कोणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं मी ते प्रेमाचं गाणं समजत होते, आता त्यातला ‘तू’ म्हणजे तिचे वडील वाटतात.

त्या म्हणाल्या, “म्हणजे तो साहेब टेप घेऊन गेला. त्याला चार माहीत होते.”

“हो.”

“आणि घरी गेल्यावर बोलला नाही.”

मी म्हटलं, मी त्या बाईंना पत्र लिहिते आहे. काशिनाथरावांचं नाव अल्बमवर यायला हवं, वडिलांनी काय लपवलं हे तिला कळायला हवं. मी दोन पानं लिहिली होती. ती त्यांना फोनवर वाचून दाखवली.

“भांडू नकोस तिच्याशी,” सुशीलाबाई म्हणाल्या. “वडील गेले ना तिचे? नाव सांग यांचं. आणि एवढंच विचार, घरात भांडं पडलं की हे दचकायचे, तसे तिचे वडील दचकायचे का.”

मी दोन्ही पानं फाडली. नाव लिहिलं, खाली तो एक प्रश्न लिहिला आणि पाठवून दिलं.