बंपरवरचं लिंबू

हिंगण्याच्या रस्त्यावर हेमराजचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आजोबांचा हातमाग होता, बाप मागावरून उठून कारखान्यात गेला आणि हा वायरींत रमला. गाडीला स्कॅनर जोडायचा, पडद्यावरचा कोड वाचायचा आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचं, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. खोड एकच. बिघाड कुठे आहे ते मशीन सांगतं. कोणी केला ते हेमराज पदरचं सांगतो.

दुसरी खोड त्याच्या आईची. वच्छलाबाई दर शनिवारी लिंबू-मिरच्या ओवते आणि दुकानात आलेली ओळखीची गाडी हेमराज तशीच जाऊ देत नसे. कॉम्प्युटरवर गाडी तपासणारा माणूस बंपरला लिंबू बांधतो, म्हणून आम्ही आजूबाजूचे हसायचो. तो म्हणायचा, नजर लागलेली मशीनले दिसत नाही.

शालिकराम कामगारांची बस चालवायचा. उमरेडचा, हेमराजच्याच समाजाचा, त्याच्या बापाच्या वयाचा. एका सकाळी बस पुलाच्या चढावर रेंगाळली आणि पहिल्या पाळीचे लोक उशिरा पोचले. हेमराजने स्कॅनर लावला. बंपरच्या आत हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, कोड त्याचा होता. प्लग उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या. पाणी गेलंय, हा बस धुताना समोरून प्रेशरचा पाइप मारत असेल, असं हेमराज बसच्या मालकासमोर बोलून मोकळा झाला. शालिकराम नाही नाही म्हणत राहिला, पण मशीनपुढे माणसाचं कोण ऐकतो? मालकाने त्याला कामावरून काढलं.

नवा ड्रायव्हर आला आणि बस पुन्हा तोच कोड घेऊन दारात. या पठ्ठ्याने तर बसला पाण्याचा थेंब लावला नव्हता. हेमराज बंपरखाली आडवा झाला. प्लगच्या तोंडाशी मिरचीचं बी चिकटलेलं होतं. वर त्याच्याच हाताने बांधलेलं लिंबू सडून गळत होतं, नेमकं त्या प्लगवर.

तो तसाच पडून राहिला. आपण एका भल्या माणसाच्या पोटावर पाय दिला, तोही ठासून सांगून, हे त्याला आत जाळत गेलं. मग त्याने पिना साफ केल्या, कोड पुसला, स्टिअरिंगसमोरचा बिघाडाचा दिवा विझला. मालकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. मालक हसला. बस चालून राहिली ना, मग झालं, म्हणाला. नव्या माणसाला आता काहून काढू?

संध्याकाळी हेमराज शालिकरामच्या घरी गेला. शालिकरामने खुर्ची पुढे केली आणि पहिलं हेच विचारलं, "बसचा दिवा गेला का गा?"

"गेला, काका. चूक माही होती. लिंबाचा रस गेला होता आत. मी तुमच्यावर ढकललं."

शालिकरामने खुर्चीवरची धूळ हाताने पुसली.

"मी पाइप मारतच नव्हतो गा," तो म्हणाला. "तुह्या मायनं ओवलेलं लिंबू पडन, म्हणून समोरून फडक्यानंच पुसत होतो."

खुर्ची पुढेच होती. हेमराजला बसवेना.