मनगटातली फट

सर कधी नाव विचारायचे नाहीत. नवीन पोर समोर उभं राहिलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "पाय पुढे कर." मग ते उकिडवे बसायचे, उजव्या हाताची वीत पसरायचे आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगी मोजायचे. मोजून झालं की डोळे मिटून जरा वेळ गप्प. त्या गप्प राहण्याची मला जेवढी भीती वाटायची तेवढी नंतर कुठल्याच परीक्षेची वाटली नाही. मग तोंडातून जे माप निघायचं तेच त्या पोराचं नाव. मी पावणेदोन. माझ्याबरोबर लांब उडी मारणारी अन्वी, ती दोन. शिवाजी पार्कात सकाळी फिरायला येणारे आजोबा त्यांना वीत सर म्हणायचे. त्यांच्या पाठीमागे आम्हीही तेच म्हणायचो.

गंमत अशी की ती वीतच अपुरी होती. तरुणपणी चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपात प्रेसखाली सरांची करंगळी अर्धी गेली होती. "माझी वीत कापलेली आहे रे," ते म्हणायचे, "म्हणून तुमच्या तंगड्या लांब भरतात. धडधाकट माणसानं मोजलं तर अर्धे जण आजच घरी जाल." आम्ही हसायचो. अन्वी नुसती बघत राहायची. तिला कापलेल्या वितीची गरज नव्हती.

उडी मारायला आमच्याकडे पार्काच्या कोपऱ्यातला वाळूचा खड्डा होता. क्रिकेटवाल्यांच्या नेटची जागा ठरलेली. आमचा खड्डा मात्र प्रत्येक सभेनंतर हरवायचा. बांबू पुरलेले, वाळूत चहाचे कप, खिळे, झेंड्यांच्या काड्या. सर आधी स्वतः अनवाणी त्या वाळूतून चालायचे. त्यांच्या पायाला काही टोचलं नाही तर आम्ही उडी मारायची. अन्वी आठवड्यातून दोनच दिवस यायची. बाकीचे दिवस ती एका क्लबच्या रबरी ट्रॅकवर असायची, आणि तिच्या खाण्यापिण्याचं एक वेगळी बाई बघायची. स्वभावाने चांगली होती. तिचे जुने खिळ्यांचे बूट तिने मला दिले. टोकाला कागद कोंबून मी ते दोन वर्षं घातले.

सरांचा विश्वास फक्त हाडावर. "माणूस फेकतो, कागद फेकतो. हाड फेकत नाही," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. पोराचं हाड बघून झालं की त्यांना आईबापांची हाडं बघायची असायची. त्यासाठी त्यांनी गणपती धरून ठेवले होते. आम्ही पोरं बहुतेक कोकणातली, घरोघरी दीड नाहीतर पाच दिवसांचा गणपती. सर प्रत्येकाकडे दर्शनाला जायचे. हात जोडायचे देवाला आणि नजर घरातल्यांच्या पोटऱ्यांवर. आमच्या चिंचपोकळीच्या खोलीत ते आले तेव्हा बाबा माळ्यावरून समया काढायला शिडीवर चढले होते. सरांनी मोदक खाता खाता त्यांना खालून वरपर्यंत पाहून घेतलं. आई म्हणाली, "सर, आणखी एक घ्या." सर म्हणाले, "वहिनी, जरा उभ्या राहून वाढा ना." आईला वाटलं, काय हा मान देणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी खड्ड्याजवळ मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं म्हणजे नुसता ट्रेलर असतो. पिक्चर घरी बसलेला असतो. तुझी पोटरी आईची आहे, झकास. उंची मात्र बापाची, फार वाढणार नाहीस." मग डोळे मिटले. "आपल्याला घाई करावी लागेल, पावणेदोन."

घाई कशाची ते मला तेव्हा कळलं नाही. सरांच्या डोक्यात पुढच्या वर्षीची सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड होती, चौदा वर्षांखालच्या मुलींची. "एकदा आत गेलीस की खाणं, दूध, शाळा, ट्रॅक, डॉक्टर. बाहेर राहिलीस तर वाळू," ते म्हणाले. "आणि वाळूत तू फार दिवस टिकणार नाहीस. तुझ्याकडे वेळ थोडा आहे." आम्ही दोघीच त्या मापाच्या होतो, अन्वी आणि मी. अन्वी आत गेली नाही तरी तिचा ट्रॅक कुठे जाणार नव्हता. माझं मात्र सगळं त्या एका दिवसावर होतं.

आणि अडलं ते माझ्या वयावर. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख एक जून आहे. आमच्या अर्ध्या वर्गाची तीच. वाढदिवस सुट्टीत पडायचा, त्यामुळे आमच्यातल्या कुणी कधी वर्गात चॉकलेटं वाटली नाहीत. मला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, आईला बॅगा शिवायच्या कारखान्यात वेळेवर पोचायचं असायचं, म्हणून तिने मला वर्षभर आधीच पहिलीत बसवलं आणि क्लार्कने त्या हिशेबाने जून टाकून दिला. त्या कागदाप्रमाणे निवडीच्या वेळी मला चौदा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. खरं तर मला अजून तेरावंही पुरं व्हायचं होतं.

"पोरीचा वय माका म्हायत," आई सरांना म्हणाली. "साकव व्हावान गेलो त्या वर्साक, चवतीच्या आदल्या दिवशी झाली." गावच्या ओढ्यावरचा लाकडी साकव ज्या पावसात वाहून गेला, त्या वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी मी घरातच जन्मले. सुईण ओढा पोहून आली होती. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद करायला मग कुणी गेलंच नाही.

ओळखीतला एक जण नवा दाखला करून द्यायला तयार होता. सर त्याला म्हणाले, "कागद नको. हाड आहे आपल्याकडे." निवडीच्या वेळी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात आणि त्यावरून वय ठरवतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला आपला हात उलटा करून दाखवलं. "लहान मुलाच्या हाडांच्या टोकाला फट असते. फट उघडी म्हणजे वाढ बाकी. मोठं झालं की फट बुजते. तू अजून तेरा वर्षांचीही नाहीस, तुझी फट दिसणारच. वहिनी, तुम्ही टेबलावर सरळ सांगा, शाळेत वय वाढवून टाकलं होतं म्हणून. खरं बोलायला घाबरायचं नाही."

इथे मला एक गोष्ट लिहायला हवी, जी मी सरांना कधीच सांगितली नाही. मला पाळी पाचवीत आली होती. वर्गात सगळ्यांच्या आधी. आईने कपाटामागे कापड ठेवलं आणि म्हणाली, कुणाक सांगा नको. जो माणूस माझी नडगी, पोटरी, टाच, घोटा सगळं पाठ म्हणून दाखवू शकत होता, त्याला हे कोण सांगणार? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेवढं एक सांगितलं असतं तर सर थांबले असते, असं मला आज वाटतं.

निवडीच्या दिवशी टेबलामागे एक चष्मेवाले साहेब बसले होते. आईने ठरल्याप्रमाणे सांगितलं, फक्त 'वाढवून' हा शब्द राहून गेला: शाळेत वय खोटं घातलं होतं. साहेबांनी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली तिची सही घेतली. मग सरांकडे बघून म्हणाले, "मुलीचं नाव?"

सरांनी तोंड उघडलं. "पावणे..." म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे वळले. दोन वर्षं रोज पहाटे भेटणाऱ्या माणसाला माझं नाव माहीत नव्हतं.

"दर्शना," मी म्हणाले.

साहेब हसले. "वा, मास्तर. नाव माहीत नाही, पण वय एकदम पक्कं माहीत आहे."

मागच्या रांगेतले पालकही हसले. सर हसले नाहीत. ते आपल्या अर्ध्या करंगळीकडे बघत होते.

उडीत मी पहिली आले. अन्वीपेक्षा हातभर पुढे. त्याचा उपयोग नव्हता. चार दिवसांनी रिपोर्ट आला: हाडाचं वय पंधराच्या वर. फटी बुजत आलेल्या. अन्वी माझ्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी, तिच्या मनगटाचं वय बारा निघालं. ती उशिरा वाढणारी होती. तिच्या घरात सगळेच तसे, असं तिची आई म्हणाली. तिच्या फटी सताड उघड्या होत्या. साहेबांनी आईचाच कागद पुढे केला. "वय खोटं घातल्याचं तुम्ही स्वतः लिहून दिलंय. हाड पण तेच सांगतंय." आईने खोटं घातलं होतं ते वाढवून. त्यांनी वाचलं ते कमी करून. माझ्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि सरांना कुठल्याही निवडीला मुलं आणायची मनाई झाली.

अन्वीचं काहीच खोटं नव्हतं. तारीख खरी, हाड खरं, मेहनत खरी. त्याचीच मला जास्त भीती वाटते. कुणी लबाडी केली असती तर मला कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

सर संध्याकाळी आमच्याकडे आले. खोलीत आले नाहीत, बाहेर गॅलरीत बाकड्यावर बसले. आईने चहा दिला तो त्यांच्या हातात निवून गेला. मग म्हणाले, "वहिनी, परत एकदा सांगा. साकव गेला तेच वर्ष ना?"

"तांच वरीस," आई म्हणाली. "माका खोटी पाडतास?"

सर म्हणाले, "नाही. पण मग हाड फेकतंय." आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले. आयुष्यभर एका गोष्टीवर टेकून उभा राहिलेला माणूस ती गोष्ट निघाल्यावर कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

शाळेतून मला कुणी काढलं नाही. दोन तारखांची गोष्ट तिथे पोचली होती. नववीत बोर्डाच्या फॉर्मचं निघालं तेव्हा बाई म्हणाल्या, आधी पुरावा आण, मग बघू. पुरावा ओढ्यातून वाहून गेला होता. मी जायची थांबले. तेव्हा सरच मला लालबागच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. "हिला ठेवून घ्या," ते म्हणाले. आणि मला म्हणाले, "ज्या मशीननं तुला बाहेर काढलं, ते चालतं कसं ते तरी बघ." त्या सेंटरमधूनच पुढे मला मस्कतच्या क्लिनिकचं काम मिळालं. आज माझ्या ताटात जे पडतं त्याची सुरुवात त्या वाक्यापासून आहे. हे मी रोज आठवते, आणि रोज मनात येतं की एक दिवस इथेही कुणीतरी कागद मागेल.

क्लिनिकमध्ये कामाला लागल्यावर मला कळलं की पाळी लवकर आली की फटीही लवकर बुजतात. हाड वय सांगत नाही. शरीर किती पुढे गेलं तेवढंच सांगतं. सरांना फोन करून हे सांगायचं मी तीन वर्षं ठरवत होते.

त्या निवडीनंतर सरांनी कुणाची नडगी मोजली नाही. निवडीला नेता येत नव्हतं, तरी खड्ड्याजवळ बसून राहायचे, उजवा हात खिशात. नवीन पोर आलं की त्याच्या आईला विचारायचे, "बाई, नाव काय ठेवलंय? झालं तेव्हा पाऊस होता का? सण कुठला होता?" आणि वहीत लिहून ठेवायचे. मी मस्कतला निघाले त्या दिवशी भेटायला गेले, तर उभे राहिले. मला वाटलं, पाय पुढे कर म्हणतील. "जा, दर्शना," एवढंच म्हणाले.

ते गेल्याचं आईने फोनवर सांगितलं. मला सुट्टी मिळाली नाही. ती वही खड्ड्यावरच्या एका पोरीकडे आहे, तिने पानाचा फोटो पाठवला. माझी ओळ पहिली आहे. दर्शना. साकव गेला ते वर्ष, चवतीचा आदला दिवस. पुढे एक शब्द, दोनदा गिरवलेला: खरं.

इथे मस्कतला आता आईबाप स्वतःहून मुलं घेऊन येतात, आठ-नऊ वर्षांची. कुणाला टेनिस, कुणाला पोहणं, कुणाला फुटबॉल. किती उंच होणार, पैसे घालावेत की नाही, ते त्यांना आत्ताच हवं असतं. कॉम्प्युटर मिनिटाभरात आकडा देतो. त्याला पाचही बोटं आहेत. माझं काम मुलाचा डावा हात प्लेटवर सरळ ठेवायचं. मी आधी नाव विचारते. मग काचेआड जाऊन बटण दाबते. मनगटाच्या फोटोला श्वास रोखायची गरज नसते. तरी पोरं रोखतात. मीही रोखते.