सगुणा धवलारणीचा कान

जासईत कुणाकडेही हळद निघाली की पहिला निरोप सगुणाकडे जायचा. ज्यांच्या गाण्यावर लग्नाचे विधी चालतात त्या धवलारणींत तिचा मान मोठा. पण धवला एकटीने गात नाहीत. एकीने ओळ घ्यायची, ती संपली की पुढली दुसरीने उचलायची. सगुणाची जोडीदारीण तिची धाकटी जाऊ गोजरा, आणि दहा वर्षं सगुणाच्या पोटात एकच दुखणं होतं: ही बया माझ्यावर आवाज चढवते.

खरं दुखणं कानात होतं. दुसऱ्या बाळंतपणापासून ऐकू येणं कमी कमी होत गेलेलं. स्वतःचा आवाज मात्र डोक्यात भरून घुमायचा, त्यामुळे आपण खणखणीत गातो याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

शेवटी मुलगा केतन तिला नेरूळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. आत तांदळाच्या कणीएवढं हाड घट्ट बसलंय, ते काढून बारीकशी दांडी बसवू, त्या म्हणाल्या. बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. पण शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो, हेही त्यांनी लपवलं नाही. केतनचा चेहरा उतरला. सगुणा ढिम्म.

"करा," ती म्हणाली आणि केतनकडे वळली. "कान आला का गोजराला सोरलीच समज. दुसरी जोडीदारीन बगीन."

ऑपरेशननंतर चार दिवस घर गरगरलं. महिनाभर सुकटीलाही लोखंडाची चव लागली. पण उजवा कान आला! कुकरच्या शिट्टीने ती दचकली आणि तिथेच ओट्याला धरून रडली. स्वतःचा आवाज तेवढा परका वाटायला लागला, कुणी लांबून बोलतंय असा.

तीन महिन्यांनी गावातल्या हिरामणच्या मुलीची हळद आली. गोजराबरोबरची ही शेवटची, असं केतनला बजावूनच सगुणा मांडवात बसली. तिने पहिली ओळ घेतली आणि चपापलीच. आवाज नवरीच्या पाटापर्यंतही पोचत नव्हता. गोजराने पुढली ओळ उचलली, सगळ्या मांडवाला पुरेल अशी. सगुणा ती संपायची वाट बघत थांबली, तर गोजरा मध्येच गप्प.

करवल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. विसरली वाटतं, म्हणून सगुणाने वळून पाहिलं. गोजरा तिच्याकडेच बघत होती.

"बाय, घे ना," ती कुजबुजली. "का गो थांबलीस?"

आता सगुणाच्या ध्यानात आलं. ऐकू येत नव्हतं तेव्हा आपण हिची ओळ संपली असं समजून दर वेळी इथेच तोडत होतो. धवला मोडू नये म्हणून ही इथेच थांबायला शिकली. आपलं पुटपुटणं कुणाला कळू नये म्हणून हिने घसा ताणला. दहा वर्षं कुणाजवळ एक शब्द काढला नाही, आणि आपण मात्र गावभर हिला नावं ठेवत फिरलो. सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने गोजराचा हात घट्ट धरला.

"पुरी कर तुजी ओल," ती म्हणाली. "मना आयकू येतं गो आता."

गोजराने ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली. शेवट तिने दहा वर्षांत गायलाच नव्हता. ती दोनदा अडखळली, आणि सगुणा थांबून राहिली.