उत्तर माहीत असलेली शंका

वडवणीच्या बसस्थानकावर ते रोज दिसतात. ते विज्ञानाचे जुने शिक्षक. समोर पाटी दिसत असली, तरी चालकाला विचारणारच, "बीडला जाती का, भाऊ?" माहीत असलेलंच विचारायची त्यांची खोड. पोरं हसतात.

माझ्या नोकरीच्या मुलाखतीत तास घेऊन दाखवायचा होता. ते संस्थेच्या माणसांबरोबर मागच्या बाकावर बसले होते. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. घरचे सगळे वाट बघत होते. घाबरत फळ्यावर दोन पेशी काढल्या. प्राण्याच्या पेशीत तंतुकणिका दाखवल्या, वनस्पतीच्या पेशीत नुसती हरितलवकं, आणि वळलो.

त्यांनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला. "सर, एक शंका हाय. हरितलवकं उन्हात अन्न बनवतात. मग रातच्याला झाडाला ताकद कुठून मिळती?"

"तेच सांगतो," म्हणत मी वनस्पतीच्या पेशीतही तंतुकणिका काढल्या. "अन्नातली ऊर्जा इथं मोकळी होते, दिवसाही आणि रात्रीही." विसरलेलं भरून निघालं.

निवड झाल्याचं कळलं, तसा स्थानकावर गेलो. "सर, तुम्हाला तर उत्तर..."

त्यांनी मला बोलूच दिलं नाही. समोरच्या गाडीकडे बघत म्हणाले, "ही बीडला जाती का हो?"

मी पाटी नीट वाचली आणि म्हणालो, "जाते, सर. बसा."