पाटीवरचा पंचा

अण्णा गेल्याचं काकीने फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं "हो" म्हणाले. अण्णा माझे थोरले काका. गिरगावात त्यांचं कस्टम्स ब्रोकरचं लहानसं ऑफिस होतं. परदेशातून आलेला व्यापाऱ्यांचा माल बंदरातून रीतसर सोडवून द्यायचं काम. इंग्रजी शाळेतली मी, घरातल्या गप्पांत मागेच राही. कॉलेज सुटलं की त्यांच्या ऑफिसात जाऊन बसे, कारण तिथे कोणी बोलायला लावत नसे.

एका व्यापाऱ्याने भलत्याच नावाखाली माल आणला आणि खात्याने अण्णांचंही लायसन्स निलंबित केलं. त्यांचं म्हणणं ऐकून न घेताच ते निलंबन पुढे चालू ठेवलं. अण्णांनी अपील केलं आणि घरून धुतलेला पंचा आणून दारावरच्या पाटीवर, नाव झाकेल असा बांधला. तरी लालबागहून रोज यायचे, ऑफिस उघडून बसायचे. कुणाचा फोन आला की, "सध्या माझं लायसन्स नाही," एवढंच.

शेजारचे ब्रोकर तावडे एकदा चहा घेऊन आले. "अण्णा, माझ्या लायसन्सवर कर की काम. सही माझी, गिऱ्हाईक तुझं. सगळेच करतात."

"मग अपिलात जाऊन लायसन्स परत कुठल्या तोंडाने मागू?"

"आणि घर कसं चालवणार? पंचे विकून?"

"एकच आहे रे," अण्णा हसले.

गिऱ्हाइकं एकेक करून गेली. काकीने घरखर्चासाठी लोकांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली. अण्णा बसून राहिले.

सुनावणीला त्यांनी मला सोबत नेलं. खात्याचे वकील म्हणाले, या माणसाचं काही अडलेलं नाही, दुसऱ्याच्या लायसन्सवर करतच असेल. तेव्हा न्यायाधीशांनी थेट अण्णांना विचारलं, इतके महिने काय करत होता?

"बसून होतो, साहेब."

इतकं थोडं बोलूनही माणूस एवढा ताठ उभा राहू शकतो, हे मी तिथे पाहिलं. निलंबन रद्द झालं, पण म्हणणं ऐकलं नव्हतं या मुद्द्यावर. त्यांच्या बसून राहण्याबद्दल निकालात अक्षरही नव्हतं... अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी पंचा सोडला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि गेलेल्या गिऱ्हाइकांना फोन लावायला घेतले.

तेराव्यानंतर काकी मला म्हणाली, "ऑफिसात जाऊन ये. लायसन्स त्यांच्या नावाचं होतं ना, त्यांच्याबरोबरच संपलं."

ड्रॉवरमध्ये पंच्याची घडी तशीच होती. मी स्टुलावर चढले. तावडेकाका येऊन स्टूल धरून उभे राहिले. पंचा बांधून झाल्यावर त्यांनी वर बघितलं.

"घट्ट बांध ग. त्याला सैल चालायचं नाही."