कंपनी बुडाल्याची बातमी

नोकरी सोडून मी जळगावात घरोघरच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचं काम सुरू केलं, तेव्हा माझ्याकडे एक प्रेशर मशीन, शिडी आणि रबरी बूट होते. माणूस मी एकटीच. फाटकावर पाटी हवी म्हणून पेंटरला बोलावलं. पाटीवर जागा उरली, तेव्हा तो म्हणाला, खाली 'प्रायव्हेट लिमिटेड' टाकतो, भारदस्त दिसतं. मी म्हटलं, टाका.

गल्लीला पाटी फार आवडली. शेजारचे आबा तर पत्ता विचारणाऱ्या प्रत्येकाला 'कंपनीच्या पुढचं घर' असं सांगायला लागले.

दिवाळीला धुळ्याहून माझी नणंद आली. ती वकील आहे. रिक्षातून उतरली आणि पाटीसमोरच थांबली.

"वहिनी, ही कंपनी कधी नोंदवली?"

"नोंदवली नाही," मी म्हटलं, "रंगवली."

फराळाची ताटं बाजूला सारून तिने मला समोर बसवलं. कंपनी नोंदवलेली नसताना ते शब्द लावणं गुन्हा आहे आणि त्याचा दंड दिवसागणिक वाढतो, हे आधी सांगितलं. मग म्हणाली, की तू एकटी मालकीण आहेस. शॉप अ‍ॅक्टची नोंद कर, उद्यमचं प्रमाणपत्र काढ, सुरुवातीला तेवढं चालेल. मात्र कायद्याच्या लेखी तू आणि तुझा धंदा एकच. कुणाचं नुकसान केलंस तर भरपाई घरातून जाईल. हे ऐकून सासूबाईंनी एकदा नव्या फ्रीजकडे पाहिलं. ती वेळ येऊ नये म्हणून कामाआधी काय करणार, काय नाही, टाकी कशी होती, हे लिहून सही घ्यायची, असं तिने बजावलं.

दुसऱ्याच दिवशी पेंटर येऊन त्या दोन शब्दांवर पांढरा रंग फासून गेला.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली, की कंपनी बुडाली. पलीकडच्या अक्का भरीत घेऊन आल्या आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. किराणा दुकानदाराने हळू आवाजात विचारलं, की सील लागलं का. आबा काठी टेकत आले.

"तुनी कंपनी बुडनी म्हने?" ते म्हणाले. "घाबरू नको बेटा. बठ्ठं चांगलं व्हई."

मी सांगितलं, की आबा, कंपनी बुडाली नाही, ती कधी नव्हतीच. मग इतके दिवस आम्ही लोकांना सांगत होतो ते काय, असं त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा पाहून माझ्या लक्षात आलं, की आता मला एकतर दिवाळखोर व्हावं लागेल नाहीतर लबाड. मी मान खाली घालून म्हटलं, की हो, बुडाली.

त्या आठवड्यात मला दम घ्यायला फुरसत मिळाली नाही. जिने स्वतःच्या टाकीचं झाकण वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं, अशी बाईही दयेपोटी मला बोलावू लागली. कंपनी धडधाकट असताना यातल्या एकानेही विचारलं नव्हतं.

आबांनीही बोलावलं. मी नणंदेने करून दिलेला एक पानी करार पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला, आणि दुपारी झोपेच्या वेळी मशीन चालवायचं नाही, असं एक कलम पेनने वाढवलं. मी गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. तळाजवळ जुनी चीर होती, गाळाने बुजलेली. धुतल्यावर ती गळणार, हे मी त्यांना दाखवलं, करारात लिहिलं आणि सही घेतली.

धुतल्यावर टाकी गळायला लागली. अंगणात पाणी ठिबकताना पाहून आबांनी बोलायला तोंड उघडलं, खिशातला करार काढून चिरेबद्दलची ओळ पुन्हा वाचली आणि कागद घडी घालून ठेवला.

"शे लिखेल," ते म्हणाले, आणि प्लंबरला फोन लावायला आत गेले.