दारू सोडायला बदली कामगार

आमच्या मीटिंगचे किस्से मी सांगायला बसले की शेजारची सुमन गॅस बंद करून येऊन बसते. म्हणते, "काकी, दारुड्यांच्या बैठकीत एवढं हसायला असतं काय?" आता हिला काय सांगू! तिथं दर वेळी एक नवा माणूस येतो आणि त्याच्या मागोमाग एक किस्सा.

बाजारात परदेशी कोल्ड्रिंकच्या बाटल्या दिसायला लागल्या, त्याच सुमारास मिलला कुलूप लागलं. आमचे हे साचाखात्यात, म्हणजे मागावर होते. मिल गेली आणि हे सकाळपासूनच प्यायला लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लिवर जवाब दे रहा है, बाई. अब नहीं छोड़ी तो नहीं बचेंगे." ह्यांना सांगितलं, तर "डॉक्टरला काय कळतं" म्हणाले आणि कूस बदलली.

*

कुणीतरी म्हणालं, कृष्णपुऱ्याकडे दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते. पण नेमकी कुठं? पानवाल्याला विचारलं, मंदिरातल्या पुजारीजींना विचारलं, कुणालाच पत्ता नाही. शेवटी वैतागून पदर डोक्यावर घेतला आणि सरळ कलालीवर गेले. जिथं दारू विकतात तिथंच विचारलं.

गल्ल्यावरच्या माणसानं हात जोडले. "स्कूल के पीछे, जीना चढ़ के पहला कमरा. मेरे अच्छे-अच्छे ग्राहक वहीं बैठते हैं, काकीजी. आप तो और किसी को मत भेजो!"

*

पत्ता मिळाला, पण हे हलेनात. मग मीच गेले. मिलवाल्यांच्या घरात यात नवल ते काय? माणूस आजारी पडला की त्याच्या जागी बदलीवाला उभा राहतो. साचा काही थांबत नाही.

मीटिंग चालवणारे वसंतराव म्हणजे रेल्वेतले रिटायर क्लार्क. त्यांना म्हटलं, "हे येत नाहीत. त्यांच्या बदलीवर मी आले. जे काय शिकवाल ते घरी जाऊन सांगते."

वसंतराव कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "वहिनी, इथं बदली चालत नाही हो." मग म्हणाले, "पण चहा येतोय, बसा."

बसले ती बसलेच.

*

तिथं नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही. एक नवा माणूस उठला. "मी रमेश." आपल्या मराठी माणसाचं एवढ्यावर समाधान होतंय होय? मागून दत्तूभाऊ म्हणाले, "कुठले रमेश? आडनाव काय? सासुरवाडी कुठली?" वसंतराव "अहो, अहो" करेपर्यंत दत्तूभाऊ त्याच्या बायकोचे मावसभाऊ निघालेसुद्धा.

रमेश पांढराफटक. "भाऊ, घरी भजनाला जातो म्हणून सांगितलंय. सांभाळून घ्या."

"मी पण भजनच सांगितलंय," दत्तूभाऊ म्हणाले. "तू मंदिर कोणतं सांगितलंस? दोघांचं एकच पाहिजे."

घरी येऊन हे सगळं ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. बऱ्याच वेळानं आवाज आला, "मग? मंदिर कोणतं ठरलं?" कित्येक महिन्यांत ह्यांनी मला काही म्हणून विचारलं नव्हतं. मला रडूच फुटलं. पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, ठरलं एक.

*

भगवानभिया युनियनचे जुने पुढारी. त्यांची पाळी आली तर उभे राहून म्हणाले, "दारू आजपासून बंद, असा प्रस्ताव मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?" सगळे हात वर. तेवढ्यात कोपऱ्यातून एक जण उठला, "भिया, एक सुधारणा आहे. रंगपंचमी वगळून."

तीही बहुमतानं मंजूर! वसंतरावांना सभाच बरखास्त करावी लागली.

हे ऐकून आमचे हे चक्क उठून बसले आणि हसले. "रंगपंचमीचं बाकी बरोबर आहे," म्हणाले. माझं डोकंच फिरलं. ह्यांच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि मोरीत ओतला.

*

मग एके दिवशी वसंतरावांनी मला जिन्यातच गाठलं. "वहिनी, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

मी भांडले. "का? मी काय कुणाचं खाते?"

"तुम्ही त्यांच्या साच्यावर उभ्या आहात, तोवर ते कशाला येतील?"

घरी पोचेपर्यंत मी वसंतरावांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ह्या मीटिंगशिवाय माझ्या हातात दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवशी गेले नाही. संध्याकाळी मेथी निवडत बसले होते, तर हे म्हणाले, "आज काय झालं तिथं?"

"कुणाला ठाऊक. मी गेले नाही. आता जाणारही नाही."

"आणि रमेशच्या बायकोला कळलं का?"

"मला काय माहीत."

हे उठले. मग शर्ट चढवला, चपला घातल्या आणि निघाले. कलाली आणि शाळा एकाच रस्त्यावर. मी दारात उभी राहून देवाचं नाव घेत होते. मागं जाऊन बघायचं धाडस काही झालं नाही.

दिवेलागणीला परत आले. मी ताट वाढलं. वाढायच्या निमित्तानं अगदी जवळ वाकले आणि वास घेतला. नुसता बिडीचा होता.

मला काही राहवेना. म्हटलं, "काय झालं हो तिथं?"

ह्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "तिथलं बाहेर सांगायचं नसतं."